गुरुवारी सुट्टी, शनिवारी बाजार

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा. पुण्यावर बोट ठेवा आणि नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यानं ते हळूहळू वर सरकवा. आधी भोसरी लागेल, मग मोशी, मग इंद्रायणीचा पूल, पुढं कुरुळी. पुण्यापासून साधारण तीस किलोमीटर गेलात की एक मोठा चौक येईल. नकाशात तो दिसायचा नाही. पण तुम्ही खरोखरच तिथं गेलात, तर डोळे मिटूनही ओळखाल. चारी बाजूंनी ट्रकचे भोंगे, आणि मधूनच कंडक्टरची शिट्टी. आलं चाकण!

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही चाकणचं नाव वाचलं असेल. १६६० साली शाइस्तेखानानं इथल्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगानं बुरूज उडवला, तेव्हा कुठं किल्ला पडला. त्या संग्रामदुर्गाचे थोडे अवशेष अजून गावात आहेत. त्यानंतर चाकण प्रसिद्ध झालं ते कांद्यासाठी. आणि आता मोटारींसाठी. पण आज मी तुम्हाला किल्ला दाखवायला नेत नाही, कारखानाही नाही. मला सांगायचंय ते चाकणला नव्यानं राहायला येणाऱ्या मंडळींबद्दल. त्यांच्यात तुमच्याएवढी मुलंही असतात ना!

सकाळी सकाळी चौकात उभं राहिलं की ही मंडळी ओळखू येतात. वडिलांच्या खांद्यावर बोचकं. आईच्या हातात बादली, आणि बादलीत तवा, पोळपाट, लाटणं, डब्यात बांधून आणलेलं पीठ. मुलाच्या पाठीवर दप्तर. त्यात पुस्तकं असतीलच असं नाही, बहुतेक वेळा कपडे असतात. कुणी लातूर-नांदेडकडून रात्रभर एस.टी.नं आलेलं, कुणी यवतमाळहून. कुणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आगगाडीनं पुण्याला उतरून, तिथून बसनं इथवर आलेलं. चाकणला रेल्वे नाही, त्यामुळं शेवटचा टप्पा रस्त्यानंच करावा लागतो. सगळेजण चौकात उतरतात आणि एकाच प्रश्नाशी अडतात : आता कुठल्या बाजूला जायचं?

नवीन माणूस ही या भागाला काही नवी गोष्ट नाही, बरं का. चाकणच्या अलीकडचं पिंपरी-चिंचवड तर सगळं नवीन माणसांनीच मोठं केलंय. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधलं घरदार सोडून आलेल्या लोकांची वसाहत पिंपरीत झाली. त्या वसाहतीला 'पिंपरी कॅम्प' म्हणायचे. छावणी केव्हाच गेली, तिथं मोठी बाजारपेठ झाली, पण लोक अजून 'कॅम्पात जाऊन कापड आणू' असंच म्हणतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि आपल्या देशात पेनिसिलीन बनू लागलं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, ज्याला सगळे 'एम.आय.डी.सी.' म्हणतात. मग टेल्को आली, बजाज आली, आणखी कितीतरी कारखाने आले. प्रत्येक कारखान्याबरोबर दूरदूरची माणसं आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सतरा लाखांवर गेली होती.

चाकणची पाळी उशिरा आली. बजाजचा इथला कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांचे कारखाने चालू झाले, पाठोपाठ २०१० मध्ये महिंद्रचा. या मोठ्या कारखान्यांना लागणारे नट-बोल्ट, काचा, सीटा, वायरी बनवणारे लहान कारखाने तर आसपासच्या प्रत्येक गावात निघाले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी... २०१५ साली चाकणची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. म्हणजे पिंपरीला जे व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागली, ते इथं पंधरा वर्षांत झालं. धाप लागणारच की!

मी स्वतःही इथली नाही. मूळची परभणी जिल्ह्यातली. डी.एड. झाल्यावर नोकरीसाठी या भागात आले आणि एका वाडीवरच्या शाळेत शिकवू लागले. पहिल्या दिवशी वर्गात गेले आणि सवयीनं म्हणाले, "लेकरांनो, काय करायलात?" सगळा वर्ग खो खो हसला. इकडं 'पोरं' म्हणतात आणि 'काय करताय' म्हणतात. त्या हसण्यामुळं एक फायदा झाला. माझ्या वर्गात कुणी नवीन मूल आलं आणि पहिले आठ-दहा दिवस तोंडातून शब्द काढला नाही, तर मला त्याचं कारण विचारावं लागत नाही.

तर नवीन गावात आधी काय शिकावं लागतं? तुम्ही म्हणाल, रस्ते. तसं नाही. आधी शिकावं लागतं ते वेळापत्रक.

इथं दिवस सूर्यावर चालत नाही, पाळीवर चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पहिल्या पाळीच्या बसगाड्या पहाटे अंधारातच निघतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन झोपतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत मुलांनी आवाज करायचा नाही. मग मुलं करतात काय? बाहेर पायरीवर बसून अभ्यास करतात. आमच्या शाळेतली काही मुलं सकाळी आठलाच शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. पाहुण्यांना वाटतं, काय हुशार मुलं! हुशार आहेतच, पण खरं कारण घरात वडील झोपलेत हे आहे. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाळी बदलली की घरातली जेवणाची वेळ बदलते, टी.व्ही. लावायची वेळ बदलते, भांडणाचीसुद्धा!

दुसरं वेळापत्रक पाण्याचं. खोल्यांची एक लांबच लांब रांग, वर पत्रा, रांगेच्या टोकाला एक नळ. नळाला पाणी कधी येतं हे ज्याला माहीत तो राजा. मोठ्या शहरातही तेच. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी आहे, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं दिवसाआड पाणी सुरू झालं. नवीन आलेल्या घरात पाण्याची वेळ सगळ्यात आधी कुणाला कळते सांगू? मुलांना. खेळता खेळता कळते. आई-वडिलांना शेजाऱ्याशी कुठल्या भाषेत बोलावं याची पंचाईत, आणि पोरगं बादली घेऊन नंबर लावून मोकळं.

तिसरं वेळापत्रक आठवड्याचं, आणि ते जरा गमतीचं आहे. तुमची-आमची सुट्टी रविवारी. पण भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. त्यामुळं वडील गुरुवारी घरी तेव्हा मुलं शाळेत, आणि मुलं रविवारी घरी तेव्हा वडील कामावर. काही मुलं गुरुवारी हमखास गैरहजर असायची. मी चौकशी केली तर एकजण म्हणाला, "बाई, पप्पा आठवड्यातून एकदाच दिसतात." यावर काय बोलणार? आता गुरुवारी मी शेवटचा तास गोष्टीचा ठेवते, आणि ज्यांचे वडील घरी असतील त्यांना शाळा सुटताना इथं येऊन गोष्ट ऐकायला, सांगायला मुभा आहे. दोन-तीन जण येतात. एकानं भोजपुरीत गोष्ट सांगितली. निम्मी कुणालाच कळली नाही, पण कोल्ह्याचा आवाज त्यांनी इतका झकास काढला की पुन्हा पुन्हा काढायला लावला.

गंमत म्हणजे, गुरुवारची सुट्टी ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. तिकडं लांब फ्रान्समध्ये १९७२ पर्यंत शाळांना आठवड्याच्या मधली सुट्टी गुरुवारीच असे. मग ती बुधवारी गेली, आणि अजूनही तिथल्या बऱ्याच गावांत बुधवारी प्राथमिक शाळा नसते. फ्रान्समधल्या एखाद्या लहान गावात परदेशी कुटुंब राहायला गेलं, तर त्यालाही आपल्या चाकणच्या नव्या माणसासारखंच आधी वेळापत्रक शिकावं लागतं. दुपारी दुकानं जेवणासाठी बंद होतात, रविवारी तर बाजारपेठ सामसूम. आणि दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणजे 'नमस्कार' म्हणायचं. न म्हणता एकदम 'पाव द्या' म्हटलं की दुकानदाराला तो उद्धटपणा वाटतो. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं नुसतं 'ओ दादा' किंवा 'मावशी' म्हटलं की पुरतं. पण ते म्हणायला लागतंच! नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि तो सरळ 'कांदा केवढ्याला' विचारून मोकळा होतो.

कांद्यावरून आठवलं. शनिवारचा बाजार! चाकणला महात्मा फुले बाजार आहे, तिथं शनिवारी गाड्याच्या गाड्या कांदा, बटाटा, लसूण येतो. जनावरांचा बाजारही भरतो. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शाळा सुटली की मुलं आयांबरोबर बाजाराला जातात, आणि तिथं त्यांची खरी भाषेची परीक्षा होते. तुम्हाला वाटेल, बिहारच्या माणसाला मराठी येत नाही म्हणून अडचण. अहो, मराठी माणसाचीही अडचण होते! यवतमाळकडून आलेल्या एका बाईंनी भाजीवाल्याकडं 'सांबार' मागितला. भाजीवाला म्हणाला, "मावशी, ते समोरच्या हॉटेलात मिळंल, इडलीबरोबर." आता विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. बाई चिडल्या, भाजीवाला गोंधळला. शेवटी त्यांच्या मुलीनं, जी आमच्या तिसरीत आहे, जुडीकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई, इथं हिला कोथिंबीर म्हणत्यात." 'म्हणत्यात' हेही ती इथंच शिकली होती.

हिंदी आणि मराठीतले सारखे दिसणारे शब्द तर फारच फसवतात. शाळेत मी म्हणाले, "गृहपाठ नाही केला तर शिक्षा." उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाचा चेहरा फुलला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! त्याला वाटलं, गृहपाठ न करणाऱ्यांना बाई जास्त शिकवणार. 'संसार' म्हणजे हिंदीत सगळं जग, आणि मराठीत तवा-पातेली. 'चेष्टा' म्हणजे तिकडं प्रयत्न, इकडं थट्टा. आम्ही वर्गात अशा शब्दांचा एक तक्ता लावलाय. नवीन मूल आलं की त्यात एखादी भर पडते.

आता रस्त्यांकडं वळू. चाकणमध्ये रस्ता शोधायची युक्ती चौकांच्या नावातच आहे. तळेगाव चौकातून रस्ता जातो तळेगावला, आंबेठाण चौकातून आंबेठाणला. पिंपरी-चिंचवडला मात्र वेगळीच तऱ्हा. तिथं चौकांना कारखान्यांची नावं. थरमॅक्स चौक, केएसबी चौक, फिनोलेक्स चौक. एका रस्त्याचं नाव टेल्को रोड. टेल्कोचं नाव २००३ मध्ये बदलून टाटा मोटर्स झालं, पण रस्ता काही आपलं नाव बदलायला तयार नाही. आणि 'प्राधिकरण' हा शब्द ऐकलाय? १९७२ साली निगडी-आकुर्डी भागात नवं नगर वसवण्यासाठी सरकारनं एक कार्यालय काढलं, त्याचं नाव प्राधिकरण. पुढं त्या वस्तीचंच नाव प्राधिकरण पडलं. २०२१ मध्ये ते कार्यालय दुसऱ्या संस्थांत विलीन झालं. लोक मात्र खुशाल सांगतात, 'आम्ही प्राधिकरणात राहतो.'

हे सगळं ठीक आहे. रस्ते, बाजार, पाणी हे महिन्या-दोन महिन्यांत जमतं. जड जातं ते दुसरंच, आणि ते शाळेत दिसतं.

आमच्याकडं मुलं फक्त जूनमध्ये येत नाहीत. दिवाळीनंतर येतात, संक्रांतीला येतात, परीक्षा आठवड्यावर असताना येतात. वडिलांना काम मिळालं की कुटुंब येतं. एकदा नोव्हेंबरात ओडिशातून आलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून दारात उभी राहिली. जवळ जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही. आईनं खुणेनं सांगितलं की आधी एका शाळेत गेलो होतो, कागद नाहीत म्हणून परत पाठवलं. मुलांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण कधीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २००९ साली आपल्या देशात शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणूनही अडवता येत नाही. आणि मूल ज्या वयाचं असेल त्या वयाच्या वर्गात त्याला बसवायचं. मग मागं राहिलेला अभ्यास त्याला वेगळा शिकवायचा. तिला चौथीत बसवलं.

ती बोलेना. वही दिली तर गोल गोल अक्षरं काढत बसली. शेजारची मुलं म्हणाली, "बाई, ही जिलब्या काढतीय." मी बघितलं. ओडिया लिपी होती ती. ओडिया अक्षरं डोक्यावर अशी छत्रीसारखी गोल असतात. पूर्वी ताडपत्रावर टोकदार लेखणीनं लिहीत. तिथं आपल्यासारखी आडवी रेघ ओढली तर पानच फाटायचं, म्हणून गोल, असं सांगतात. मी तिला फळ्यावर नाव लिहायला लावलं. तिनं ओडियात लिहिलं. मग प्रत्येकानं आपलं नाव तिच्या लिपीत लिहून मागितलं. त्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत तिच्याभोवती ही गर्दी!

तिनं मराठीतला पहिला शब्द कुठला शिकला असेल? 'पाणी' नव्हे. पाण्याला ओडियातही 'पाणी'च म्हणतात, तेही आपल्यासारखं बाणातल्या 'ण'चं. पहिला शब्द होता 'सरक'. दुसरा 'माझा नंबर'. हे मी नाही शिकवले. नळावर आणि खिचडीच्या रांगेत शिकली. फेब्रुवारीपर्यंत ती धडाधड वाचू लागली. पुढं तर ती आईला घेऊन दवाखान्यात जायची आणि डॉक्टरांना सगळं मराठीत सांगायची. रेशन दुकानातही तीच. आता एका राज्यातलं रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, पण ते दुकानदाराला सांगायला कुणीतरी हवं ना! घरातलं सगळ्यात लहान माणूस घरातलं सगळ्यात मोठं काम करत होतं. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि जरा काळजीही. कारण दवाखान्याच्या दिवशी शाळा बुडायची.

फ्रान्समध्ये, भाषा न येणारी मुलं नव्यानं आली तर काही शाळांत त्यांच्यासाठी वेगळे तास असतात. मुलं आपल्या नेहमीच्या वर्गातही बसतात आणि दिवसातले काही तास या खास वर्गात फ्रेंच शिकतात. मला ही सोय फार आवडली. आमच्याकडं तेवढी माणसं नाहीत. मग आम्ही जुन्या मुलांना नव्या मुलांचे जोडीदार करतो. जोडीदारानं तीन गोष्टी दाखवायच्या : पाणी कुठं प्यायचं, शौचालय कुठं, आणि कुठला कुत्रा चावतो.

एक गोष्ट मात्र मला मुळीच चालत नाही. काही मुलं उत्तरेकडून आलेल्या मुलाला 'ए भय्या' म्हणून चिडवतात. मोठ्यांचं ऐकून. त्यांच्या भाषेत भय्या म्हणजे दादा. आता दादा ही शिवी कशी होईल? पण म्हणणाऱ्याच्या आवाजात ती असते, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर लागते. आमच्या वर्गात प्रत्येकाला नाव आहे, आणि नावानंच हाक मारायची. पुढं एकदा मला कळलं की गावातल्याच एका मुलाला खोल्यांमधली मुलं 'ए लोकल' म्हणत होती. तेही बंद केलं.

कारण गावातली मंडळीही एका परीनं नवीनच आहेत. शाळेजवळ एक आजोबा राहतात. त्यांच्या कांद्याच्या शेतावर आता खोल्या आहेत. भाडं येतं, घर बांधलंय, नातू मोटारसायकल फिरवतो. आजोबा संध्याकाळी पारावर बसतात. मला म्हणाले, "बाई, पयल्यांदा रस्त्यानं जाणाऱ्या परत्येकाला मी वळखायचो. आता दिवसभर बसलो तर दोघंजण वळखीचे दिसत्यात." ते गाव सोडून कुठंही गेलेले नाहीत. गाडी ओलांडायला घाबरतात म्हणून चौकाच्या पलीकडच्या देवळात जाणंही बंद झालंय. त्यांना रस्ता ओलांडून देणारा मुलगा माहिताय कोण आहे? बिहारचा. दर सोमवारी त्यांना नेतो. बदल्यात आजोबा त्याला सुट्टे पैसे देतात आणि घोड्या-बैलांच्या शर्यतीच्या गोष्टी सांगतात. त्याचं मराठी आता आजोबांसारखं झालंय. वर्गात उभा राहून म्हणतो, "बाई, म्या वळखलं!"

सणांचंही तसंच. ज्येष्ठात तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. तेव्हा कारखान्यात नव्यानं लागलेली परप्रांतीय मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघतात. पुढच्या वर्षी त्यातलीच काही पाण्याचे पेले वाटताना दिसतात. आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी मोशीला इंद्रायणीच्या घाटावर छटपूजा असते. बायका पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात आणि पहाटे पुन्हा उगवत्याला. आमची मुलं तिथं ठेकुआ खायला जातात. ठेकुआ म्हणजे गूळ-पिठाचा तळलेला कडक गोड पदार्थ. आपल्या शंकरपाळ्याचा थोरला भाऊ म्हणा.

मग ती ओडिशाची मुलगी? पुढल्या वर्षी, सहामाहीच्या आधी एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मी खोलीवर गेले. कुलूप नव्हतं, खोली नुसती रिकामी होती. शेजारीण म्हणाली, वडिलांचं कंत्राट संपलं, मुकादमानं दुसरीकडं नेलं. कुठं, ते तिला माहीत नव्हतं. असं दरवर्षी तीन-चार मुलांचं होतं. आता मुलांची नोंद संगणकावर असते आणि नवी शाळा तिथून मागणी करू शकते. पण त्यासाठी मूल नव्या शाळेच्या दारापर्यंत पोचायला तर हवं!

तेव्हापासून मी एक करते. नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाला वहीच्या पहिल्या पानावर लिहून देते : नाव, इयत्ता, शाळेचं नाव, गाव, तालुका खेड, जिल्हा पुणे, शाळेचा फोन. खाली सही आणि शिक्का. मुलांना सांगते, वही भरली तरी हे पान फाडून दुसऱ्या वहीत चिकटवायचं. जाताना सांगून जायचं, आणि सांगायला जमलं नाही तर नव्या शाळेत हे पान दाखवायचं. गेल्या वर्षी एका शाळेतून फोन आला. हडपसरच्या बाजूची शाळा होती. तिकडचे गुरुजी म्हणाले, "तुमचं पान घेऊन एक मुलगा आलाय." तो दुसराच होता, वाशिमचा. पण मला आनंद झाला.

आमच्या वर्गात आणखी एक तक्ता आहे, खेळांचा. लगोरीला उत्तरेकडं पिट्ठू म्हणतात, राजस्थानात सतोलिया. विटी-दांडूला हिंदीत गुल्ली-डंडा, बंगालीत डांगुली, कन्नडमध्ये चिन्नी-दांडू. ज्या भाषेचं मूल येतं, ते आपल्या चौकटीत नाव लिहितं. ओडियाची चौकट तिनं स्वतःच आखली होती, पट्टीनं, लाल पेन्सिलीनं. पण नाव काय ते आईला विचारून सांगते म्हणाली होती, ते राहूनच गेलं. तुमच्या वर्गात कुणी ओडिशाचं असेल, तर त्याला विचारा आणि मला नक्की कळवा.